कोकण रेल्वेच्या विलीनीकरणाआधी पैशाचा करार संसदेसमोर यावा : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर आणि राज्यसभेवर निवडून गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

विषय : कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेतील विलीनीकरण, प्रवासी भाड्यातील ४० टक्के वाढीव अंतर आणि दुहेरीकरणाचा निधी

सन्माननीय सदस्यहो,

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ या तीन राज्यांची संमती आधीच मिळालेली होती, त्यामुळे महाराष्ट्राच्या पत्राने शेवटचा अडसर दूर झाला. त्या संमतीबरोबर ज्या दोन अटी जाहीर झाल्या, त्यांतली पहिली ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे ही होती आणि दुसरी राज्याने भागभांडवल म्हणून गुंतवलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत ही होती. दोन्ही अटी रास्त आहेत आणि त्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु या मार्गावरचा प्रवासी जे तिकीट काढतो, ज्या डब्यात बसतो आणि ज्या एकेरी रुळावर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरची गाडी निघून जाईपर्यंत, ताटकळतो, त्याविषयी जाहीर झालेल्या अटींत एकही शब्द नाही. ती उणीव अजूनही भरून काढता येण्याजोगी आहे आणि ती भरून काढण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून लिहीत आहे.

सुरुवातीलाच सांगतो की मी विलीनीकरणाच्या बाजूचा आहे. विलीनीकरण झाले की दिल्लीतून पैसा आपोआप वाहू लागेल हा समज मात्र मला धोक्याचा वाटतो. आपल्या देशात प्रवासी रेल्वेचा पैसा कसा येतो आणि कसा अडतो, याचा महाराष्ट्राइतका दीर्घ आणि कटू अनुभव फार थोड्या राज्यांच्या वाट्याला आला असेल.

कोकण रेल्वे उभी राहिली ती पैशाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवल्यामुळे. बॅरिस्टर नाथ पै यांनी राजापूर मतदारसंघाचे खासदार म्हणून या रेल्वेची मागणी संसदेत लावून धरली होती आणि त्यांच्या निधनानंतर त्याच मतदारसंघातून पाच वेळा निवडून गेलेल्या मधु दंडवते यांनी ती पुढे नेली. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते, तरीही रोह्याच्या पुढे रूळ गेले नाहीत. रोह्यापर्यंतचा मार्गसुद्धा १९८६ मध्ये सुरू झाला. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीतून एवढा मोठा, डोंगर पोखरत जाणारा मार्ग बांधायचा म्हटले असते, तर दरवर्षी थोडीथोडी रक्कम मिळून तो कित्येक दशके रेंगाळला असता, हे तेव्हाच्या जाणत्यांना दिसत होते. डिसेंबर १९८९ मध्ये केंद्रात सरकार बदलले आणि क्वचितच जुळून येणारा योग जुळून आला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, मधु दंडवते अर्थमंत्री झाले आणि नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी रामकृष्ण हेगडे आले. रूळ टाकणारे, पैसा देणारे आणि योजनेला मान्यता देणारे अशी तिन्ही पदे पश्चिम किनाऱ्याची निकड जाणणाऱ्या माणसांकडे एकाच वेळी होती.

त्यांनी त्या संधीचा उपयोग कसा केला, हे आज बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी रेल्वेच्या अर्थसंकल्पात एक मोठा आकडा घालून घेतला नाही. जुलै १९९० मध्ये त्यांनी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, ज्याच्या मूळ भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. बाकीची बहुतांश रक्कम बाजारातून रोख्यांच्या रूपाने उभी केली गेली. ते सरकार नोव्हेंबर १९९० मध्येच पडले, तरी काम थांबले नाही, कारण पैशाची व्यवस्था कोणा एका मंत्र्याच्या मर्जीवर ठेवलेलीच नव्हती. रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यासह आणि पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलासह, आठ वर्षांच्या आत पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी त्यावरून सलग वाहतूक सुरू झाली.

या घाईचे मोल मात्र कोणीतरी चुकते केले आहे. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांच्या जमिनी या मार्गासाठी गेल्या. कोकणात जमिनीचे तुकडे इतके लहान असतात की एवढ्या खातेदारांपैकी अनेकांची भातशेती किंवा आंब्याची कलमे त्यात गेली असणार. रोख्यांचे व्याज आणि कर्ज फेडायचे असल्याने प्रवाशांवर एक कायमचा भार बसला. रोह्यापासून पुढे भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के अधिक अंतर धरले जाते आणि मालवाहतुकीसाठी ते ५० टक्के अधिक धरले जाते. शंभर किलोमीटर गेलेल्या माणसाकडून एकशेचाळीस किलोमीटरचे भाडे घेतले जाते. लांब अंतराला किलोमीटरमागचा दर उतरत जात असल्यामुळे तिकिटाची रक्कम नेमकी ४० टक्क्यांनीच वाढते असे नाही, परंतु जवळच्या प्रवासाला, म्हणजे चिपळूणहून रत्नागिरीला किंवा कणकवलीहून सावंतवाडीला जाणाऱ्याला, ही वाढ चांगलीच जाणवते. विशेष म्हणजे हे तिकिटावर वेगळा अधिभार म्हणून दिसत नाही, त्यामुळे आपण किती जास्त देतो आहोत हे बहुतेक प्रवाशांना माहीतही नसते.

आता याच्या शेजारी देशाचा हिशेब ठेवून पाहा. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२-२३ या एका वर्षात रेल्वेने प्रवासी भाड्यात ५६,९९३ कोटी रुपयांची सवलत दिली आणि प्रत्येक प्रवाशाला ती सरासरी ४६ टक्के पडली. शंभर रुपयांच्या सेवेसाठी चौपन्न रुपये घेतले जातात, असे ते सांगतात. त्याआधी कित्येक वर्षे तिकिटावरच छापलेले असायचे की रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल करते. कोकणच्या प्रवाशालाही मूळ दरातली ही सवलत मिळते, हे नाकारता येत नाही. परंतु देशाने एका हाताने दिलेली सवलत त्याच्याकडून दुसऱ्या हाताने अंतराच्या रूपात बऱ्याच अंशी परत घेतली जाते आणि हे १९९८ पासून अव्याहत चालू आहे. सोलापूरचा, नागपूरचा किंवा पाटण्याचा प्रवासी आपल्या मार्गाच्या बांधकामाचे कर्ज तिकिटातून फेडत नाही. एकाच देशातील एकाच रेल्वेमंत्रालयाच्या छत्राखाली असा भेद का असावा, याचे उत्तर गेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांत एकाही सरकारने दिलेले नाही.

विलीनीकरण हवे ते या कारणासाठी, आणि त्याहूनही अधिक दुसऱ्या रुळासाठी. महामंडळ असल्यामुळे कोकण रेल्वेला मध्य किंवा पश्चिम रेल्वेसारखी अर्थसंकल्पातून नियमित भांडवली तरतूद मिळत नाही. मोठे काम काढायचे तर कर्ज काढावे लागते आणि कर्ज फेडण्याइतके उत्पन्न या मार्गावर नाही. परिणाम सर्वांसमोर आहे. संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण १,२८७ कोटी रुपयांत २०२२ पर्यंत पूर्ण झाले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. दुहेरीकरण मात्र रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरच्या टप्प्यावर २०२१ मध्ये झाले आणि तिथेच थांबले. वीरच्या पुढे गाड्यांची सारी ये-जा एकाच रुळावर चालते. कडवई, वेरवली, खारेपाटण अशी क्रॉसिंगची नवी स्थानके झाली, त्याने थोडा श्वास मिळाला, पण दिल्ली, गुजरात आणि केरळच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या, ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्या आणि कोकणच्या स्वतःच्या गाड्या यांना एकच रूळ पुरणार तरी कसा? अशा वेळी साईडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर थांबून, कोण पडते, हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक आहे. पॅसेंजर पडते.

दादर–रत्नागिरी पॅसेंजरचे उदाहरण पाहा. ही गाडी दादरहून सुटत असे. करोनानंतर ती ठाण्यापलीकडच्या दिवा स्थानकापर्यंतच ठेवण्यात आली. दादरला जागा नाही, मार्गिका मोकळी नाही, अशी कारणे दिली जातात आणि ती अगदीच खोटी असतील असे मी म्हणणार नाही. परंतु गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथे राहणाऱ्या चाकरमान्याला, म्हाताऱ्या आईला आणि सामानाच्या गाठोड्यांना घेऊन आधी लोकलने दिव्याला जा आणि तिथून गाडी पकड, असे सांगणे म्हणजे ती गाडी त्याच्यापुरती बंदच करणे होय. स्वस्त, सर्व ठिकाणी थांबणारी गाडी कोणत्याही हिशेबात फायद्याची दिसत नाही, म्हणून कपात करायची वेळ आली की पहिला घाव तिच्यावर पडतो. २०२३ मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली, ती चांगली गाडी आहे आणि ज्यांना परवडते त्यांनी तिने जरूर जावे. माझे म्हणणे एवढेच आहे की जनरलच्या डब्यात दारापाशी उभे राहून आठ-दहा तास काढणाऱ्यासाठी देशाने काही तरतूद केली आहे की नाही, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. त्याच्यासाठी गाडी चालली तर उपकार आणि बंद झाली तर नाइलाज, अशी ही अवस्था आहे.

इथपर्यंतचे बोलणे बहुतेकांना मान्य असते, आणि म्हणूनच ‘आता विलीन होऊ, मग सगळे होईल’ असे उत्तर मिळते. त्या उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी मराठवाड्याकडे पाहावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. अहमदनगर–बीड–परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. हा मार्ग भारतीय रेल्वेचाच आहे. इथे महामंडळाची अडचण नव्हती आणि खर्चाचा निम्मा वाटा उचलायचे राज्याने मान्य केले होते. बीडला पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. तीस वर्षे लागली आणि तरीही परळीपर्यंतचा टप्पा बाकीच राहिला. खर्च ४,८०५ कोटींवर गेला. सह्याद्रीच्या पायथ्याने, शेकडो पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे खणत ७४१ किलोमीटर जायला जिथे आठ वर्षे पुरली, तिथे पठारावरून १६६ किलोमीटर जायला तीन दशके लागली. बीडच्या लोकांनी मोर्चे काढले, रेल रोको केले, निवडणुकांमागून निवडणुकांत तेच आश्वासन ऐकले. त्यांच्या मागणीत किंवा चिकाटीत काहीही कमी नव्हते. कमी होती ती कोणत्या वर्षी किती रक्कम कोण देणार हे बंधनकारकपणे लिहिलेल्या एका कागदाची.

केंद्र आणि राज्य यांनी खर्च वाटून घेण्याची ही पद्धत वरवर न्याय्य वाटते, पण तिच्यात एक मोठे दुखणे आहे. केंद्र म्हणते राज्याने वाटा भरला नाही, राज्य म्हणते केंद्राने तरतूद केली नाही, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असू शकते. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या ८४ किलोमीटरच्या मार्गाचा एकूण खर्च सुमारे ९०५ कोटी होता. राज्याचा निम्मा, म्हणजे ४५२ कोटींचा वाटा मंजूर झाला तो २०२२ मध्ये राज्यातले सरकार बदलल्यानंतर. मुंबईत आणि दिल्लीत एकाच पक्षाचे सरकार असले तर फाइल पुढे सरकते आणि नसले तर थांबते, असे जर ठरून गेले असेल, तर रेल्वे ही नागरिकाच्या हक्काची सेवा राहत नाही, ती मतदानाचे बक्षीस बनते. हे मी कोणत्याही एका पक्षाला उद्देशून म्हणत नाही. गेल्या तीस वर्षांत या राज्यात जवळपास सर्वच मोठे पक्ष सत्तेत येऊन गेले आहेत.

कोकणातही असे अनुभव आहेत. वैभववाडी–कोल्हापूर हा घाट उतरून कोकणाला पश्चिम महाराष्ट्राशी जोडणारा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तेव्हा रेल्वेमंत्री सुरेश प्रभू होते, म्हणजे सिंधुदुर्गाशी नाते असलेला माणूस त्या खुर्चीवर होता. सावंतवाडीच्या टर्मिनसचे भूमिपूजनही त्यांच्याच काळात, २०१५ मध्ये झाले. घाटातून गाडी धावायची राहिली आणि टर्मिनस अपुरेच राहिले. मंत्री आपला असणे पुरेसे नाही हे १९७७ मध्येही दिसले होते आणि २०१६ नंतर पुन्हा दिसले. १९९० मध्ये काम झाले ते पैशाची रचना मंत्र्याच्या पलीकडे टिकणारी केली म्हणून.

२०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प राहिलेला नाही. १९२४ पासून चालत आलेली ती प्रथा बंद झाली आणि रेल्वेचा हिशेब देशाच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला गेला. याचे काही फायदे झाले. रेल्वेला केंद्राकडे भरावा लागणारा लाभांश थांबला आणि भांडवली मदत वाढत जाऊन २०२५-२६ मध्ये ती सुमारे २.५२ लाख कोटी रुपयांवर पोहोचली. स्वतःच्या कमाईतून रेल्वेकडे गुंतवणुकीसाठी फारसे काही उरत नाही, कारण शंभर रुपये मिळवण्यासाठी अठ्ठ्याण्णव रुपयांच्या आसपास खर्च होतात. नवा रूळ टाकायचा तर पैसा बहुतांशी केंद्राच्या तिजोरीतूनच येणार. म्हणजे प्रत्येक मार्गाचा निर्णय हा राजकीय निर्णय आहे आणि त्यात गैर काही नाही, फक्त तो उघडपणे व्हायला हवा. पूर्वी रेल्वेमंत्र्यांच्या भाषणावर दिवसचे दिवस चर्चा होत असे, खासदार आपापल्या मार्गांबद्दल जाब विचारत असत. आता प्रकल्पनिहाय आकडे ‘पिंक बुक’ या रेल्वेच्या तरतुदींच्या पुस्तकात येतात आणि लोकांना ऐकवला जातो तो राज्याचा एकत्रित आकडा. महाराष्ट्राला २०२५-२६ साठी २३,७७८ कोटी मिळाले आणि २००९ ते २०१४ या काळात सरासरी १,१७१ कोटी मिळत होते, असे रेल्वेमंत्र्यांनी सांगितले. वाढ मोठी आहे आणि मी तिचे स्वागत करतो. पण त्या आकड्यातून ना बीडच्या माणसाला काही कळते, ना राजापूरच्या.

हिशेब मोघम असला की काय होते, हे नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी वारंवार दाखवले आहे. २०१९-२० चे परिचालन गुणोत्तर, म्हणजे शंभर रुपये मिळवण्यासाठी होणारा खर्च, रेल्वेने ९८.३६ टक्के दाखवले होते. निवृत्तिवेतनाचा प्रत्यक्ष भार धरला असता तर ते ११४.३५ झाले असते, असे त्यांनी नोंदवले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये सुरक्षेसाठी पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये खर्च करण्याची शिफारस केली. पुढे २०१७-१८ पासून तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभारला गेला, आणि त्या कोषातला काही पैसा अग्रक्रम नसलेल्या कामांवर खर्च झाल्याचे लेखापरीक्षणात आढळले. कोकणच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळच्या आंबवली पुलावर पावसाळ्यात दरडीने गाड्या घसरून माणसे मेली. त्यानंतर या मार्गावर डोंगरउतार सावरण्याची, जाळ्या बसवण्याची, गस्तीची आणि पावसाळ्यात कमी वेगाच्या वेळापत्रकाची जी शिस्त लागली, ती महामंडळाने मेहनतीने कमावलेली आहे. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली, तेव्हा हे काम कधीच संपणारे नाही हेही कळले. विलीनीकरणानंतर हा खर्च एखाद्या विभागाच्या सर्वसाधारण देखभालीत विरघळून गेला आणि एखाद्या वर्षी काटकसरीच्या नावाखाली कापला गेला, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल?

म्हणून विलीनीकरणाचा करार नुसता समभागांच्या हस्तांतरणाचा कागद असू नये. विलीनीकरणाच्या पहिल्याच दिवसापासून प्रवाशांसाठीचे ४० टक्के वाढीव अंतर रद्द होईल, हे त्यात सर्वात आधी यावे. ‘टप्प्याटप्प्याने विचार केला जाईल’ अशी भाषा स्वीकारू नये, कारण बांधणीचे कर्ज हे त्या भाराचे एकमेव समर्थन होते आणि महामंडळच भारतीय रेल्वेत गेले की ते समर्थन उरत नाही. वीरपासून पुढच्या दुहेरीकरणाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याचे वर्ष आणि त्या वर्षीची केंद्राची रक्कम करारात नमूद व्हावी. त्यात राज्याने निम्मा वाटा देण्याची अट नव्याने घातली जाऊ नये, कारण या राज्याने आणि इथल्या प्रवाशाने आपला वाटा आधीच, व्याजासकट, दिलेला आहे. पावसाळी सुरक्षेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे आणि त्याचा खर्च दरवर्षी संसदेसमोर यावा.

यापुढचा मुद्दा मला स्वतःला सर्वात महत्त्वाचा वाटतो. कोकणात रोज किमान किती सर्व थांबे घेणाऱ्या गाड्या धावतील, प्रत्येक गाडीला किती जनरल डबे असतील आणि मुंबईत त्या कुठून सुटतील, हे सेवेचे प्रमाण लिहून ठरवावे आणि त्यातून येणारी तूट केंद्राने उघडपणे, त्या सेवेच्या नावाने भरून द्यावी. जर्मनीत १९९६ पासून स्थानिक प्रवासी गाड्यांची जबाबदारी तिथल्या राज्यांकडे आहे. केंद्र त्यांना कायद्याने ठरलेली रक्कम देते आणि राज्ये कराराने गाड्या मागवतात. आपली व्यवस्था वेगळी आहे आणि ती जशीच्या तशी इथे आणता येणार नाही, परंतु ‘ही गाडी जनतेसाठी चालवायची आहे आणि तिची एवढी किंमत आम्ही भरतो’ असे सरकारने लिहून देणे आपल्याकडे अशक्य मुळीच नाही. एकदा ते लिहिले गेले की त्या गाडीला ‘तोट्यातली’ म्हणून दिव्याला सोडून देता येणार नाही. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ पासून किती पैसा लागला, याला कोणी रस्त्याचा तोटा म्हणत नाही. मग सर्वसामान्यांच्या गाडीवरचा खर्च तेवढा तोटा का ठरावा?

यावर आक्षेप घेतले जातील आणि ते ऐकून घ्यायला हवेत. प्रवासी भाड्यातली तूट आज मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरली जाते आणि त्यामुळे मालाचे दर चढे राहून माल रस्त्यावर जातो, हे खरे आहे. कोकणात उद्योग आणि मालवाहतूक मर्यादित असल्याने हा मार्ग हिशेबात नेहमीच कमजोर दिसेल, हेही खरे आहे. परंतु तूट मालाच्या दरात लपवण्याऐवजी अर्थसंकल्पात दाखवा, एवढेच माझे म्हणणे आहे; ती दाखवली तर मालाचे दर कमी करण्याचा मार्गही मोकळा होतो. मराठवाडा आणि विदर्भाचा अनुशेष बाकी असताना कोकणाने आणखी मागावे का, असाही प्रश्न येईल. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ पासून चालू आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा कळंबपर्यंतचा टप्पा सुरू झाला. यवतमाळच्या माणसाने कोकणाकडे असूयेने पाहावे आणि कोकणाने मराठवाड्याकडे, यातून कोणाच्याच दारात गाडी येणार नाही. कोकण रेल्वेच्या करारात वर्षनिहाय निधीचे बंधन आले, तर तेच तत्त्व परळीच्या उरलेल्या टप्प्याला, नांदेडच्या मार्गाला आणि कोल्हापूरच्या घाटमार्गाला लावण्याची मागणी आपण सर्व मिळून करू शकाल. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी राज्याने ५,००० कोटींचे भागभांडवल मान्य केले, ते एका लेखी, वेळापत्रक असलेल्या योजनेत. साध्या गाडीसाठीही तशीच लेखी शिस्त मागणे गैरवाजवी नाही.

राज्याच्या त्या ३९६ कोटींबद्दलही थोडे बोलायला हवे. ती रक्कम परत आली तर ती राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होऊन नाहीशी होऊ नये. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या स्थानकांचे जोडरस्ते, एसटीची सांधणारी सेवा आणि सावंतवाडी टर्मिनसला लागणाऱ्या सुविधा यांसाठी ती राखून ठेवावी, असा आग्रह आपण राज्य शासनाकडे धरावा. त्याचबरोबर जमीन गेलेल्या कुटुंबांना महामंडळाच्या भरतीत मिळणारे प्राधान्य विलीनीकरणानंतर देशव्यापी भरतीत हरवून जाऊ नये, यासाठी करारात स्पष्ट कलम असावे. आज भागधारक म्हणून राज्याला या रेल्वेच्या कारभारात बोलण्याचा हक्क आहे. समभाग गेल्यावर तो हक्क संपेल. त्याच्या जागी चारही राज्यांची एक वैधानिक सल्लागार समिती असावी आणि हा मार्ग तीन वेगवेगळ्या विभागीय रेल्वेंमध्ये तुकडे करून वाटला जाऊ नये. बेलापूरहून एकसंध चालणारा मार्ग तीन मुख्यालयांत विभागला गेला, तर ‘कोकण रेल्वे’ हे नाव फलकावर राहील आणि तिच्या वेळापत्रकाला वाली राहणार नाही.

आपल्यापैकी लोकसभेत अठ्ठेचाळीस आणि राज्यसभेत एकोणीस जण आहेत. येत्या अधिवेशनात विलीनीकरणाच्या कराराचा मसुदा सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची मागणी आपण पक्षभेद बाजूला ठेवून एका संयुक्त निवेदनाद्वारे करावी. वाढीव अंतर कोणत्या तारखेपासून रद्द होणार, हा तारांकित, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणारा, प्रश्न विचारावा. रेल्वेच्या अनुदान मागण्यांवरील चर्चेत वीर–रत्नागिरी–सावंतवाडी दुहेरीकरणाची वर्षनिहाय तरतूद मागावी. आणि रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीत जे सदस्य आहेत त्यांनी हा विषय तपासणीसाठी घ्यावा. गोवा आणि किनारी कर्नाटकातील खासदारांचे प्रवासीही हेच वाढीव भाडे भरतात, त्यामुळे तेही आपल्यासोबत येतील असा मला विश्वास वाटतो. मसुद्यावर सह्या होण्यापूर्वी हे झाले तर त्याला अर्थ आहे. नंतर आपल्या हाती निवेदने देण्यापलीकडे काही उरणार नाही.

आपल्या उत्तराची आणि त्याहून अधिक सभागृहातील आपल्या प्रश्नांची मी वाट पाहतो.

आपला नम्र,
कोकण रेल्वेचा एक प्रवासी